बांद्यात पोटगी, पत्रादेवीत निम्मा वाटा!

सिंधुदुर्गातले बांदा आणि गोव्यातले पत्रादेवी यांच्यात अंतर अगदी थोडे. बोली मिळतीजुळती, माणसांचे कष्टही सारखेच. समजा, दोन्हीकडे एकेका बाईने वीस वर्षे संसार केला, बागायतीत राबली, त्या कमाईतून घर उभे राहिले. घर नवऱ्याच्या नावावर. पुढे घटस्फोट झाला.

पत्रादेवीची बाई त्या घराच्या निम्म्या वाट्याची मालकीण ठरते. गोव्यात पोर्तुगीज काळातला १८६७ चा नागरी कायदा विवाहाच्या बाबतीत आजही चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईकच धरली जाते. बांद्याच्या बाईला मात्र पोटगीसाठी अर्ज करावा लागतो. हिंदू विवाह कायद्याचे कलम २७ पाहा: लग्नाच्या वेळी मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंपुरते ते बोलते. म्हणजे भांडीकुंडी, कपाट! राबून उभे केलेल्या घराबद्दल कायदा गप्प. आणि हा कायदा आम्हा बौद्धांनाही लागू आहे, हे विसरू नका.

पोटगी हा शब्दच बोलका आहे. पोटापुरते द्या, बाकीचे विचारू नका! वाटा हा हक्क असतो. पोटगी नवऱ्याची ऐपत आणि बाईची गरज मोजून ठरते. आणि ही मोजणीही कशी चालायची? १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत दरमहा ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. महाराष्ट्राने १९९९ मध्ये ती १५०० केली, तर शेजारच्या मध्य प्रदेशात ती ३००० होती. टाकलेल्या बाईच्या भुकेची किंमत राज्याची हद्द ठरवत होती! २००१ मध्ये ही मर्यादा उठली, पण वाट्याचा प्रश्न तिथेच राहिला.

महाराष्ट्राचे राज्यकर्ते म्हणतील, हा केंद्राचा विषय. साफ खोटे! विवाह आणि घटस्फोट राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत. केंद्रीय कायद्याशी विसंगत काही असेल तर राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागेल, इतकेच. मुंबई प्रांताने हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्येच केला; केंद्राचा हिंदू विवाह कायदा आला १९५५ मध्ये. मधल्या काळात बाबासाहेबांचे हिंदू कोड बिल सनातन्यांनी रोखून धरले आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. शूद्र म्हटल्या गेलेल्या बहुसंख्य समाजात रूढीने घटस्फोट आहेच, हे त्यांनी संसदेत दाखवून दिले होते. आमच्या आज्या-पणज्यांना काडीमोड आणि पाट ठाऊक होते. घटस्फोटाने धर्म बुडतो अशी ओरड करणारे कोण होते, ते आम्हाला सांगायला नको.

आज समान नागरी कायद्याचे ढोल वाजवणारे ऊठसूट गोव्याचे नाव घेतात. मग तिथला निम्मा वाटा त्यांच्या भाषणात का येत नाही? गोव्याचा कायदा आदर्श आहे असे आम्ही म्हणत नाही. विशिष्ट अटींवर, मुलगा झाला नाही म्हणूनही, हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करू देणारी १८८० ची तरतूद त्याच्याच पोटात आहे. ती फेकून द्यावी, वाटा घ्यावा. उत्तराखंडच्या संहितेने तर लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची केली, आदिवासींना बाहेर ठेवले, पण हा वाटा घेतला नाही. समानता हवी होती की पहारा?

काही आपलेच बांधव विचारतात, भूमिहीनाच्या बायकोला निम्मे कशातले? अहो, घरकुलातले! बँकेतल्या चार पैशांतले! ज्या घरात एकच खोली आहे, तिथल्या बाईला हाकलले तर ती थेट रस्त्यावर येते. तिलाच या कायद्याची गरज सर्वांत जास्त आहे.

पत्नीला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा देऊ पाहणारे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले आणि पुढे लोकसभा विसर्जित होताच बारगळले. त्यासाठी कोणत्या पक्षाने रस्त्यावर येऊन आंदोलन केले?

म्हणून आमची मागणी सरळ आहे. लग्नानंतर उभ्या राहिलेल्या मालमत्तेत बायकोचा निम्मा वाटा, असा कायदा महाराष्ट्राने करावा. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेऊन मते मागणाऱ्यांनी आधी बांद्याच्या बाईला उत्तर द्यावे.

जय भीम!