आधी बैठक, मग वाहन

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी जमा केलेल्या निधीचे काय करावे, याची चर्चा निघाली तेव्हा पहिलीच सूचना आली ती परिसरातील दिव्यांग मुलांना तीनचाकी सायकली वाटण्याची. सूचना करणाऱ्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तरीही त्या सूचनेला माझा विरोध आहे. बैठकीत तो दोन वाक्यांत मांडला. परंतु दोन वाक्यांत तो केवळ आडमुठेपणा वाटला असावा, म्हणून हा लेख.

माझ्या थोरल्या भावाची मुलगी नऊ वर्षांची आहे. जन्मतःच तिला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात आहे. समज उत्तम, स्मरणशक्ती तर आम्हा सगळ्यांना लाजवील अशी. परंतु मान पुरती सावरत नाही, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात आणि मुठी सहसा उघडत नाहीत. घर शेतात आहे. तेथून डांबरी रस्त्यापर्यंत दीड किलोमीटरची पांदण, आणि त्यापुढे शाळा. सात वर्षांची होईतो वहिनींनी तिला कडेवर नेले. मग वहिनींची कंबर गेली. त्याच सुमारास एका शिबिरात मुलीला हाताने चालवायची तीनचाकी मिळाली. हार घातला गेला, छायाचित्र निघाले. घरी आल्यावर वहिनी एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, सायकल दिली, पण ती चालवायला हात कुणाचे आणायचे?” त्या तीनचाकीवर आज मिरच्या वाळत घातलेल्या असतात.

हातसायकल वाईट नाही. पोलिओने पाय गेलेल्या, परंतु दंडात बळ असलेल्या असंख्य प्रौढांनी तिच्या जोरावर पानटपऱ्या चालवल्या, संसार उभे केले. केंद्र सरकारची साहाय्यक साधनांची योजना १९८१ पासून चालू आहे आणि कानपूरचे सरकारी अलिम्को १९७२ पासून अशा साधनांसाठी उभे आहे. तेथे मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलांसाठी वेगळी खुर्चीही तयार होते. म्हणजे वस्तू उपलब्ध आहे. नेमकी वस्तू नेमक्या मुलापर्यंत पोहोचवणारी निवड तेवढी होत नाही. मोटार लावलेली तीनचाकी १६ वर्षांखालील मुलांसाठी नसतेच. ज्या मुलाला स्वतः चालवताच येणार नाही, ज्याला कुणीतरी वाहूनच न्यायचे आहे, त्याच्या आईवडिलांनी कोणते वाहन निवडावे, हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारतच नाही.

प्रत्यक्षात काय घडते? मूल मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये कोंबले जाते, नाहीतर टाकीवर बसवले जाते. ओढणीने बांधले जाते. ताठ पाय बाहेर पडतो आणि पोटरी सायलेन्सरला लागते किंवा टाच चाकाच्या आऱ्यांत जाते. ज्या पायाला संवेदना कमी, त्या मुलाला भाजल्याचे कळतही नाही. घरी गेल्यावर फोड दिसतो. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन दुचाकीवरील चार वर्षांपर्यंतच्या बालकासाठी सुरक्षा पट्टा आणि शिरस्त्राण आवश्यक ठरले, वेगाची मर्यादा ताशी ४० किलोमीटर झाली. नियम चांगला आहे. पण आमची नऊ वर्षांची मुलगी बसण्याच्या बाबतीत तीन वर्षांच्या निरोगी बालकापेक्षाही परावलंबी आहे, आणि त्या नियमाला केवळ वय दिसते.

म्हणून माझे म्हणणे असे की, वाहन पाहण्यापूर्वी मुलाची बैठक पाहावी. टेपने चार मापे घ्यावीत: कमरेची रुंदी, पाठीपासून गुडघ्यामागील खोबणीपर्यंत मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतचे अंतर, आणि बसल्या जागेपासून काखेपर्यंतची उंची. कंबर, गुडघा आणि घोटा साधारण काटकोनात राहतील, पावलांना खाली भक्कम आधार मिळेल, अशी खुर्ची झाली की निम्मे ताठरणे आपोआप ओसरते. हे मी पुस्तकात वाचलेले नाही, भाचरांसाठी ओट्यावर बसून पाहिलेले आहे. पाय लोंबकळत ठेवले की मुलगी धनुष्यासारखी ताणली जाते. मुख्य पट्टा पोटावर नव्हे, तर जांघेच्या घडीवर, बैठकीशी सुमारे ४५ अंशांच्या कोनात हवा. छातीचा पट्टा गळ्याकडे सरकता कामा नये. मान न सावरणाऱ्या मुलाच्या डोक्यावर जड शिरस्त्राण चढवण्यापूर्वी फिजिओथेरपिस्टला विचारावे, कारण त्या ओझ्याचा मानेला त्रास होऊ शकतो.

बैठक ठरली की मग चाके. बाजारात मिळणारी सायकलची मागची बालखुर्ची साधारणपणे २२ किलोपर्यंतच्या मुलासाठी असते; तीत मानेला व बाजूंना आधार कमी असतो. लहान, बऱ्यापैकी बसणाऱ्या मुलाला ती चालेल. वजन वाढले की तीनचाकी बरी, परंतु तीन चाके म्हणजे स्थैर्य, हा भ्रम आहे. मूल उंचावर बसले आणि वळण वेगाने घेतले की तीनचाकी उलटते. दोन चाकांच्या सायकलीसारखी ती वळणात झुकत नाही. शिवाय आपल्या पांदणीला बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि मध्ये उंचवटा असतो. मागची दोन चाके चाकोरीत जातात, पुढचे एक उंचवट्यावर धडपडते. पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली पेटीची सायकल तेथे सोपी जाते, आणि तिचा आणखी एक फायदा मला सर्वांत मोठा वाटतो: मूल चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असते. ज्या मुलाला झटके येतात, त्याचे तोंड पाठीमागे असणे आईला परवडत नाही.

अशा पेटीच्या सायकली कोपनहेगनच्या ख्रिश्चियानिया वस्तीत १९८४ मध्ये बनू लागल्या, आणि नेदरलँड्समध्ये तर चाकाची खुर्चीच पुढे जोडलेली सायकल मिळते. त्यांच्या किमती आणि त्यांचे गुळगुळीत रस्ते, दोन्ही आपल्या आवाक्याबाहेरचे. पण हे कसब काही परके नाही. २०१६ च्या दुष्काळात, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होते त्या दिवसांत, मराठवाड्यातील घरोघरच्या सायकलींना पाण्याचे कॅन टांगण्याचे आकडे लागले होते. ते आकडे कुणी परदेशातून मागवले नाहीत. नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याने करून दिले.

आम्हीही तेच केले. माल वाहणाऱ्या जुन्या तीनचाकीची फळी काढली आणि बैठक पुढे घेऊन खाली बसवली. पहिल्या वेळी ती खाली नव्हती. सुदैवाने भावाने आधी मुलीला न बसवता तिच्या वजनाइतके ज्वारीचे पोते बसवले होते. बांधाच्या वळणावर पोते पडले. त्या दिवशी वहिनींनी सायकलकडे पाहिलेसुद्धा नाही. बैठक वीतभर खाली आणली तेव्हा ती बाजेच्या उंचीला आली आणि उचलून बसवण्याचे कष्टही कमी झाले. उभी असताना चाके अडकवणारा ब्रेक आणि आऱ्यांवर जाळी, या दोन गोष्टींवर मात्र कुणी काटकसर करू नये. आणि चालवून पाहावे ते रोज चालवणाऱ्या माणसाने. आमच्या घरी खरेदी पुरुष करतात, पण शाळेला नेते आई.

या वाहनाची मर्यादाही सांगतो. ते दीड-दोन किलोमीटरचे आहे. कंधार ते नांदेड त्यातून होणार नाही. तेथे रिक्षात खुर्ची चारही कोपऱ्यांनी बांधूनच न्यावी लागते. एस.टी.त दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पण बसच्या पायऱ्या सवलत देत नाहीत. मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळाल्या आणि त्यांतून कित्येकींचे शिक्षण टिकले. जिला पॅडल मारता येत नाही, तिच्यापुढे तशी वाट नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे १६ वे कलम तर शिक्षणसंस्थांवर मुलांच्या, आणि अधिक आधार लागणाऱ्या मुलांच्या सोबत्याच्याही, वाहतुकीची जबाबदारी टाकते. हे वाक्य आपल्या शाळेलाही लागू आहे. निवासी शाळा म्हणून आपण रोजच्या ने-आणीतून सुटलो, असे समजू नये; भोजनगृह, वर्ग आणि विहार यांच्यामधले अंतर मुलाला दिवसातून चार वेळा कापावे लागते.

तेव्हा निधीतून एकसारख्या पंचवीस सायकली घेण्याऐवजी पाच-सहा मुलांची मापे घ्यावीत, असे मी सुचवतो. आपल्या माजी विद्यार्थ्यांत वेल्डिंगचे दुकान असलेले आहेत, शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत, रुग्णालयात काम करणारेही आहेत. दिवाळीच्या सुटीत ते दोन दिवस शाळेत आले, तर वर्षभराचे काम सुरू होईल. थोडी रक्कम दुरुस्तीसाठी राखून ठेवावी, कारण मूल वाढते. आमच्या मुलीची मांडी वर्षात दोन बोटे लांबली आहे, गुडघे बैठकीच्या पुढे आले आहेत, आणि घंटी आपल्या हाताजवळ हवी असा तिचा हट्ट आहे. मूठ उघडत नसली तरी मनगटाने दाबता येईल अशी घंटी मी सध्या शोधतो आहे.