मोडलेला पाय आणि अंबाडीचा दोर



नोव्हेंबरपासून इथं शेताची एकही नोंद टाकली नाही. बऱ्याच जणांचे फोन आले, काय झालं म्हणून. झालं असं, की मक्याची वैरण ट्रॉलीतून खाली करत होतो. उतरताना चाकावर ठेवलेला पाय सटकला आणि उजवी नडगी मोडली. आवाज मलाच ऐकू आला. संभाजीनगरला नेलं. नशिबानं ऑपरेशन लागलं नाही. हाड जुळवून मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि डॉक्टर म्हणाले, तीन-साडेतीन महिने वावर विसरा.

आता बघा, कापसाची वेचणी अर्धी राहिलेली, कांद्याचं रोप लागवडीला आलेलं, गव्हाला पहिलं पाणी द्यायचं. आणि मी ओसरीत बाजेवर, पाय उशीवर, तोंड रस्त्याकडे. चाळीस वर्षं ज्या माणसानं दिवसा पाठ टेकली नाही, त्याला तीन महिने झोपून राहा म्हणायचं. पहिले पंधरा दिवस भेटायला माणसं आली. चहा झाला, प्रत्येकानं आपापल्या मोडलेल्या हाडाची गोष्ट सांगितली. मग ज्याचं त्याला काम लागलं आणि मी एकटा. मनमाडकडून येणाऱ्या गाड्यांच्या आवाजावर वेळ ओळखायला लागलो. मोबाइल बघून बघून डोळे चुरचुरायचे. बाजारभाव बघायचा, तोच भाव तासाभरानं परत बघायचा. रात्री झोप नाही. रात्री पडल्या पडल्या काय काय विचार येतात ते इथं लिहीत नाही. ज्याला आलेत त्याला कळेल.

आमचे चुलते नाना, वय ऐंशीच्या पुढं, रोज सकाळी येऊन बसायचे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातला माणूस. एक दिवस त्यांनी माळ्यावरून एक गाठोडं काढायला लावलं. आत अंबाडीचा वाख, किती वर्षांचा देव जाणे. माझ्या अंगावर टाकला आणि म्हणाले, "घे. पाय मोडला ना तुझा, हात तर नाही मोडले?"

मला लहानपणी दोर वळता येत होता. निदान मला तसं वाटत होतं. बसलो तर येईना. पीळ कुठं घट्ट, कुठं सैल, मधेच गाठोळी. नानांनी हातात घेतला, ताणला आणि सगळा उसवून परत दिला. असं तीन दिवस चाललं. मग हाताला आठवायला लागलं. डोक्याला नाही, हाताला.

ज्यांनी कधी वळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वाख थोडा ओला करायचा. मांडीवर तळहातानं एका अंगाला पीळ देऊन एकेक पेड करायचा. मग ते तीन पेड एकमेकांवर उलट्या अंगानं वळायचे. पेडाचा पीळ उलगडायला बघतो, दोराचा पीळ त्याला उलट्या बाजूनं धरून ठेवतो. दोघांच्या ओढाताणीतच दोर टिकतो. नवीन वाख जोडताना तिन्ही पेडांचे जोड एका जागी येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर दोर नेमका तिथंच तुटतो. एवढंच शास्त्र. पण माझी अडचण वेगळी होती. दोराचं टोक पायाच्या अंगठ्यात धरतात आणि उजव्या मांडीवर पीळ देतात. माझा तो पाय प्लास्टरमध्ये. मग टोक बाजेच्या खुराला बांधलं आणि डाव्या मांडीवर वळायला शिकलो. पन्नाशी उलटल्यावर उजव्या माणसानं डावखुरं होणं काय असतं ते करून बघा.

या दोरानं एक चांगलं केलं, ते आधी सांगतो. डॉक्टरांनी तंबाखू बंद सांगितली होती. त्यातल्या निकोटिननं हाड जुळायला उशीर लागतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आपल्याकडं पाय मोडलेला माणूस पहिली पुडी मागवतो, म्हणून मुद्दाम लिहितोय. ऐकलं होतं, पण हात रिकामे असले की आपोआप खिशाकडे जायचे. वाख ओला करायला लागलो, हातात पीळ आला आणि हाताचा खिशाकडं जायचा धंदा बंद झाला. सुटली म्हणत नाही, पण चार महिने तोंडात गेली नाही.

आणि मनाचं म्हणाल तर, दिवसात दोन-तीन तास असे जायचे की कांद्याची आठवण यायची नाही. मावळतीला बघावं तर सकाळी नव्हता असा चार हात दोर खुराला लटकलेला. आज आपण काहीतरी केलं, हे डोळ्याला दिसायचं. शेतकऱ्याला हे दिसणं लागतं. पगारदाराला महिन्याला आकडा दिसतो. आपल्याला नांगरलेलं रान दिसतं, पाळीवरचं पाणी दिसतं. ते बंद झालं की माणूस आतून मोकळा पडतो. हाडापेक्षा ते जास्त दुखतं, असं माझं मत आहे.

प्लास्टर बदलायला दवाखान्यात गेलो तेव्हा तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमला हे सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या, काका, याचं वेगळं शास्त्र आहे. पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या शिपायांना अमेरिकेतल्या दवाखान्यांत टोपल्या विणायला, मागावर बसायला, सुतारकाम करायला लावायचे. त्यातून ही उपचाराची शाखा वाढली. आपल्याकडे तिचं शिक्षण 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं, आणि ते सुरू केलं कमला निंबकर यांनी. जन्मानं अमेरिकन बाई, लग्न करून इथल्या झाल्या. निंबकर नाव ऐकल्यावर मी विचारलं, फलटणच्या निंबकरांपैकी का? तर हो. फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था काढणारे बी. व्ही. निंबकर हे त्यांचे चिरंजीव. जुळी कोकरं देणारी नारी सुवर्णा मेंढी ज्यांच्या संस्थेची, तेच. मेंढीवाल्यांना मुलगा ठाऊक आहे, आईचं काम मला पाय मोडल्यावर कळलं.

म्हणजे नानांनी माळ्यावरून जे काढलं ते अडाणीपणाचं नव्हतं. मग माझा प्रश्न असा, की दवाखान्यातून घरी सोडताना आपल्याला जो कागद देतात, त्यावर गोळ्या असतात, पायाची बोटं हलवा असतं, पाय सरळ उचला असतं, पुढची तारीख असते. "तुम्हाला हातानं काय येतं?" हे कुणी विचारतं का? मला तर कुणी विचारलं नाही. आमच्या तालुक्याला हे शिकवणारा माणूस मला कुठं दिसला नाही. शेतकऱ्याचा अपघात म्हटलं की आपल्याकडं एकच हिशोब. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेत मृत्यूला 2 लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर 1 लाख. ते असावंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण मोडून परत जुळणाऱ्या हाडाला त्या यादीत जागा नाही, आणि गावात बहुतेकांचं मोडतं ते जुळणारंच. पैसे द्या असं म्हणत नाही मी. त्या तीन महिन्यांत माणूस बाजेवर काय करतो, याचा कुणीतरी विचार करावा एवढंच म्हणतो.

आता दुसरी बाजू. मुलगा वाळूजला कंपनीत आहे, सुट्टीवर आला. दोर बघून खूश झाला. लगेच फोटो काढला आणि म्हणाला, अण्णा, शहरात असल्या वस्तूंना लई भाव आहे, आपण विकू. एका पाहुण्यानं बचतगट, प्रशिक्षण, ब्रँड इथपर्यंत नेलं. मी हिशोब करून दाखवला. एका कासऱ्याला मला तीन दिवस लागले. बाईच्या मजुरीनं धरलं तरी तो कासरा हजाराच्या वर जातो. दुकानात नायलॉनचा त्याच्या पाव किमतीत मिळतो आणि पावसात कुजत नाही. अंबाडीचा मऊ असतो, बैलाच्या मानेला कापत नाही, हे खरं. पण पावसाळ्यात ओला राहिला की गेला. तेव्हा माझा दोर बाजारात उभा राहत नाही, आणि त्यानं राहावं असंही मला वाटत नाही. आपल्या पैठणला, तिकडं येवल्याला पैठणी विणणारा माणूस दिवसभर मागावर वाकलेला असतो. त्याला समाधान मिळतं का हे विचारायच्या आधी मजुरी किती मिळते ते विचारावं. त्याचं ते पोट आहे. माझं पोट कांद्यावर आहे. दोरावर पोट टाकलं असतं तर पहिल्या आठवड्यात त्याचीही काळजी लागली असती, आणि मग नानांना दुसरं गाठोडं शोधावं लागलं असतं.

पण खरा हिशोब घरचीनं केला. तो इथं लिहिला नाही तर हे सगळं खोटं ठरेल.

जानेवारीत एका संध्याकाळी ती कांदा लागवडीवरून आली. दिवसभर वाकून कंबर धरलेली. चूल पेटवली, मला चहा दिला. मी मोठ्या कौतुकानं तिला मुसकं दाखवलं, त्याच दिवशी पूर्ण झालेलं. म्हटलं, हातानं काम करण्यात काय समाधान आहे बघ. तिनं मुसक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तुमचे हात रिकामे झाले म्हणून तुमाला समाधान कळलं. माझे कवा रिकामे झाले?"

मी गप्प. कोपऱ्यात गोधड्यांची चळत होती. तीस वर्षांत तिनं किती शिवल्या असतील, उन्हाळ्यात, भर दुपारी, बाकी सगळे झोपले की. जुन्या लुगड्यांचे थर, वर टाक्यावर टाका, कडेनं आत आत येणारी ओळ. त्याला आम्ही कधी कला म्हटलं नाही, उपचार म्हटलं नाही. गोधडी म्हटलं आणि पांघरली. मी तीन महिन्यांत एक कासरा, चार दावी, दोन मुसकी, एक शिंकं एवढं केलं, त्यातही एक दावं वाकडं, तर गावभर चर्चा. पुरुष माणसानं हात चालवला की ती बातमी होते.

तेव्हापासून एक बदल केला. भाजी निवडणं, लसूण सोलणं, शेंगा फोडणं माझ्याकडं घेतलं. बाजेवर बसून हे सगळं होतं, पहिल्या दिवसापासून झालं असतं. यात दोराइतकी मजा नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. शेंगा फोडून अंगठा सोलतो आणि रात्री खुराला काही लटकत नाही. एक दिवस मी तिला म्हणालो, ही बाज सैल झालीय, मी विणून देतो, तू तोवर अर्धा तास टेक. ती टेकली नाही. गोधडी घेऊन समोर बसली. मी सुंभ ओढत होतो, ती टाके घालत होती. मनमाडची गाडी गेली तरी दोघं बोललो नाही.

आता शेताची नोंद. कांदा तिनं आणि शेजाऱ्यांनी मिळून वेळेत लावला, थोडा करपा आहे, बाकी बरा उभा आहे. गहू ओंबीवर आलाय. माझं प्लास्टर निघालं, काठी घेऊन बांधापर्यंत जातो. घोट्याला संध्याकाळी सूज येते. डॉक्टर म्हणतात येणार, पाय उंच ठेवा, आणि कुणाकडून चोळून घेऊ नका. चोळणारे दोघं येऊन गेले, चहा पाजून परत पाठवले.

वाख संपला. खरिपात कपाशीच्या कडेनं अंबाडीच्या चार ओळी टाकायच्या आहेत. बाजारात मिळतं ते भाजीचं बी, ते बुटकं राहतं आणि फांद्या काढतं. दोराला उंच, सरळसोट लागते. दाट पेरायची म्हणजे वर जाते, आणि फुलावर यायच्या सुमारास कापायची, जून झाली की वाख राठ होतो. भिजवायची कुठं हा मोठा प्रश्न आहे. पूर्वी शिवना नदीच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायचे, दोन आठवड्यांत साल सुटायची, वास अर्ध्या शिवारात. आता नदीला पाणी कधी असतं ते तुम्हाला माहीत आहे. शेततळ्यात टाकू म्हटलं तर मुलगा ओरडला, ठिबकला तेच पाणी आहे, सगळं तुंबेल. त्याचं बरोबर आहे. जुन्या विहिरीजवळ एक खड्डा आहे, तो साफ करून बघतो.

उंच अंबाडीचं जुनं बी कुणाच्या घरी, मडक्यात, आजीच्या गाठोड्यात असेल तर मूठभर ठेवा माझ्यासाठी. नाना विचारतात रोज.