डब्यात काय होते, हे कोणी सिद्ध करायचे?

सरकारी नोकराने सरकारी यंत्रणेविषयी लिहिताना हात आखडता घ्यावा, असा संकेत आहे. पुढील मते माझी वैयक्तिक आहेत, हे नेहमीप्रमाणे आधीच नमूद करतो आणि मग हात सैल सोडतो.

2021 साली मी महाराष्ट्राबाहेरच्या एका राज्याच्या राजधानीत नेमणुकीवर होतो. तेथील आमच्या मराठी मंडळात एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आहेत. सारे त्यांना काका म्हणतात. गुडघ्यांनी त्यांना बेजार केले होते. कोणाच्या तरी सांगण्यावरून त्यांनी सांधेदुखीवरच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवल्या. डब्यावर हिरवे पान, हळद, शल्लकी, ग्लुकोसामाइन अशी घटकांची यादी आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक. चौथ्या दिवशी काका जिना चढले. आठ महिन्यांत त्यांचा चेहरा गोल झाला आणि आम्ही सर्वांनी 'तब्येत सुधारली' म्हणून त्यांचे अभिनंदनही केले! पुढे एकदा माल वेळेवर आला नाही. आठवड्याच्या आत उलट्या, रक्तदाब खाली आणि रात्री दोन वाजता अतिदक्षता विभाग.

तरुण डॉक्टरांनी काकूंना पहिला प्रश्न विचारला तो असा : "आजोबा कुठली पावडर किंवा कॅप्सूल घेतात का?" सकाळच्या कॉर्टिसोलची पातळी जवळजवळ शून्य होती. बाहेरून दीर्घकाळ स्टिरॉइड मिळत राहिले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते आणि पुरवठा अचानक तुटला की माणूस कोसळतो. काकांनी जन्मात स्टिरॉइडची गोळी घेतलेली नव्हती. निदान तशी त्यांची समजूत होती.

बरे झाल्यावर काका उरलेल्या कॅप्सूल घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांना अन्न सुरक्षा कार्यालयाचा रस्ता दाखवला. तेथे सांगण्यात आले, की स्टिरॉइड हे औषध आहे, सबब औषध निरीक्षकांकडे जावे. औषध निरीक्षकांनी डबा फिरवून पाहिला आणि परवाना अन्नाचा आहे, आमचा नव्हे, असे सांगून तो परत केला. उत्पादक एका राज्यात, गोदाम दुसऱ्या राज्यात, ग्राहक तिसऱ्या राज्यात. प्रत्येक ठिकाणी हाच खेळ रंगू शकतो.

दोन्ही उत्तरे कायद्याने चुकीची होती, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. कारण अशा वेळी 'कायदाच अपुरा आहे' असे म्हणून सुस्कारा सोडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 याचे कलम 22 स्पष्ट म्हणते, की आरोग्यपूरक अन्नात औषधाचा समावेश होत नाही. त्यात औषध मिसळले तर ते असुरक्षित अन्न ठरते आणि त्याने गंभीर इजा झाली तर कलम 59 खाली सहा वर्षांपर्यंत कारावास आहे. दुसरीकडे, 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली विनापरवाना औषध बनवणे हा कलम 27 नुसार किमान तीन वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा आहे. म्हणजे एकच कॅप्सूल दोन्ही कायद्यांच्या कचाट्यात सापडते. दोन कायद्यांनी धरावे अशी वस्तू दोन कार्यालयांमधून निसटते, हे केवळ प्रशासनाचे कर्तृत्व आहे.

यात अर्थशास्त्र काय, असे कोणी विचारील. दुधात पाणी घातले तर माल निकृष्ट होतो आणि ग्राहक आज ना उद्या कुरकुरतो. येथे उलटे आहे. नुसती हळद आणि शल्लकी घेऊन कोणाचा गुडघा चार दिवसांत थांबत नाही. डेक्सामेथासोन घेऊन थांबतो. भेसळीने माल 'गुणकारी' होतो! ग्राहक खूश होतो, शेजाऱ्याला सांगतो, संकेतस्थळावर पाच तारे देतो. (काकांनीही दिले होते.) जॉर्ज ॲकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी लिहिलेला निबंध आम्हाला एम.ए.ला होता. खरेदीदाराला माल पारखता येत नसेल तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो, हे त्याचे सार. मोटार निदान विकत घेतल्यावर तरी कळते. कॅप्सूल गिळल्यानंतरही कळत नाही. प्रामाणिक उत्पादकाच्या डब्यावर मात्र 'काही फरक पडला नाही' असे शेरे पडतात. बाजारावर सोपवा म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की बाजार येथे ढिला पडलेला नाही. तो कसून काम करीत आहे आणि बक्षीस नेमके चोराला देत आहे.

हे दुखणे आपल्यापुरते नाही. अमेरिकेत 1994 च्या कायद्यानुसार पूरक आहार विक्रीपूर्व मंजुरीशिवाय बाजारात येतो. 2007 ते 2016 या काळात तेथील अन्न व औषध प्रशासनाला छुपी औषधे सापडलेल्या 776 उत्पादनांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक माल लैंगिक शक्तिवर्धनाचा, वजन घटवण्याचा किंवा स्नायू वाढवण्याचा होता आणि त्यांतील निम्म्याहून कमी उत्पादने बाजारातून परत घेतली गेली. 2022 मध्ये याच प्रशासनाने 'आर्ट्री किंग' नावाच्या सांधेदुखीवरच्या पूरक आहारात डेक्सामेथासोन आणि डायक्लोफिनॅक ही न सांगितलेली औषधे सापडल्याचा इशारा दिला. काकांची कथा मला त्यात शब्दशः दिसली. वजन घटवणाऱ्या मालात हमखास सापडणारे सिब्युट्रामिन हृदयाला घातक म्हणून अमेरिकेत 2010 मध्ये मागे घेतले गेले आणि आपण त्यावर फेब्रुवारी 2011 मध्ये बंदी घातली. फरक एवढाच, की तेथे उत्पादनाचे नाव निदान जाहीर यादीत येते.

आता भरपाईकडे येतो. 2006 च्या कायद्याचे कलम 65 मृत्यूसाठी किमान पाच लाख, गंभीर इजेसाठी कमाल तीन लाख आणि अन्य इजेसाठी कमाल एक लाख रुपये ठरवते. शिवाय ही रक्कम घटनेपासून सहा महिन्यांत मिळाली पाहिजे, असेही म्हणते. सहा महिन्यांत काकांची फाईल पहिल्या टेबलावरून हललेली नव्हती. त्यामानाने ग्राहक संरक्षण कायदा, 2019 चांगला आहे. त्यात उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. तक्रारदार राहतो तेथेच दावा लावता येतो, ही आपल्यासारख्या परगावी राहणाऱ्यांसाठी मोठी सोय. आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. काकांनी ती संपण्यापूर्वी अकरा दिवस, 2023 मध्ये, जिल्हा आयोगात तक्रार दाखल केली.

आणि तेथे खरी भिंत आडवी आली. माल सदोष होता, हे तक्रारदाराने सिद्ध करायचे. कसे? खाजगी प्रयोगशाळेत गेलो तर त्यांनी प्रथिने, शिसे, जिवाणू यांची तपासणी करून देतो म्हटले. म्हणजे जे लेबलावर आहे किंवा नेहमीच्या तक्त्यात आहे ते. जे लपवले आहे त्याचे नाव आपण सांगायचे, मग ते शोधतात. डॉक्टरांच्या मदतीने आम्ही नाव सांगितले. आयोगाने उरलेल्या नऊ कॅप्सूल मोहोरबंद करून तपासणीस पाठवल्या. 2024 मध्ये अहवाल आला : डेक्सामेथासोन आढळले.

दावा जिंकला, असे मला वाटले. कंपनीच्या वकिलांचे म्हणणे मात्र असे, की डबा उघडलेला होता, सबब ते कोणी घातले हे सांगता येत नाही. एकाहत्तर वर्षांच्या गृहस्थाने स्वयंपाकघरात बसून नऊ कॅप्सूल उघडल्या, त्यांत मोजून स्टिरॉइड भरले आणि नंतर खटल्याच्या तयारीसाठी स्वतःला अतिदक्षता विभागात दाखल करून घेतले, ही कल्पना विद्वान वकिलांनी गंभीर चेहऱ्याने मांडली.

याउलट खेळाडूकडे पाहा. जागतिक उत्तेजक-विरोधी संहितेनुसार त्याच्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य सापडले की हेतू असो वा नसो, तो नियमभंग ठरतो. दूषित पूरक आहारातून ते आले, हे त्याने सिद्ध केले तर शिक्षेत फार तर सवलत मिळते. ज्याच्या पोटात गेले त्याला निरपवाद जबाबदार धरणे कायद्याला जमते. ज्याच्या कारखान्यात कॅप्सूल भरली त्याच्यापाशी आले की पुराव्याचा काथ्याकूट सुरू होतो.

माझी मागणी मोठी नाही. एखादी बाब ज्याच्या विशेष माहितीत असते, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर, हे तत्त्व आपल्या पुरावा कायद्यात 1872 पासून आहे. 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते कलम 109 मध्ये आले आहे. कॅप्सुलीत काय भरले हे कारखान्याइतके कोणाला ठाऊक असणार? तेव्हा सरकारमान्य प्रयोगशाळेला एका डब्यात छुपे औषध सापडले, की तो माल घेणाऱ्या प्रत्येकाच्या दाव्यात ते कारखान्यातूनच आले असे गृहीत धरावे आणि ते खोडण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकावी. अन्न आणि औषध या दोन्ही अधिकाऱ्यांपैकी ज्याच्या टेबलावर डबा येईल, त्याने त्याच दिवशी नमुना घ्यावा. हद्दीचा वाद मागाहून घालावा. आणि दोषी बॅचचे क्रमांक जाहीर व्हावेत.

याने पुन्हा इन्स्पेक्टर राज येईल, खोट्या दाव्यांचा पूर येईल, लहान उद्योजक भरडला जाईल, असे उत्तर मला माहीत आहे. परवाना राज्याविरुद्ध मी तरुणपणी पुष्कळ भांडलो आहे. त्यातील एक शब्दही मी मागे घेत नाही. पण परवान्याची सक्ती वेगळी आणि फसवणुकीची जबाबदारी वेगळी. उलट उत्पादनापूर्वीचे निर्बंध कमी हवे असतील तर नंतरचे दायित्व कठोर हवे. एरवी उद्योजकाला मोकळीक आणि ग्राहकाला जोखीम, अशी वाटणी होते. लहान उद्योजकाचे म्हणाल तर जो खरोखर हळदच भरतो, त्याने या गृहीतकाला का भ्यावे?

काकांचा दावा अद्याप सुरू आहे. कंपनीचा आग्रह त्याच बॅचच्या न उघडलेल्या डब्याच्या तपासणीचा होता. असा डबा आता कंपनीच्याच राखीव नमुन्यात असणार, म्हणून आम्ही तो हजर करण्याचा अर्ज दिला. त्यावर कंपनीचे लेखी उत्तर आले, की मुदत संपल्याने तो नमुना नियमानुसार नष्ट करण्यात आला आहे.