चौकटीत टाकलेले वाळवंट

दिवाळी अंकांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून वाळवंटावरचा एक लेख हटकून वाचायला मिळतो. जैसलमेरच्या पलीकडल्या धोऱ्यांमध्ये किंवा कच्छच्या रणाच्या कडेला गाडी घालून, तंबू ठोकून, चार-पाच रात्री काढून आलेल्या कुणा सुखवस्तू माणसाचा तो असतो. अलीकडे अशी माणसे पुण्या-मुंबईचीच असतात असेही नाही. अमरावती-अकोल्याकडची मंडळीही आता या वाटेला लागली आहेत. लेखात सोन्यासारखी वाळू असते, चांदण्यांनी गच्च भरलेले आकाश असते, अथांग शांतता असते आणि त्या शांततेत लेखकाला झालेली स्वतःची भेट असते. लेख संपला की पानाच्या कोपऱ्यात, बारीक टायपात, एक चौकट येते : कसे जाल, केव्हा जाल, सोबत काय न्याल. ही चौकट लिहिण्यात लेखकाला गोडी नसते आणि वाचण्यात समीक्षकाला.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, त्या पानावर वाङ्मय म्हणून काही शिल्लक असेल तर ते या चौकटीत आहे. वरचा मजकूर बव्हंशी वेलबुट्टी आहे.

विधान उद्धट वाटेल. पण ही विभागणी केली कोणी? ती आपण, मराठी शिकवणाऱ्यांनी केली. प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची लक्षणे सांगताना आपण वर्षानुवर्षे फळ्यावर तेच शब्द लिहीत आलो : आत्मनिष्ठा, निसर्गचित्रण, चिंतनशीलता, लालित्य. तयारी, ओझे, पाणी, खर्च, रस्ता हे शब्द त्या यादीत कधी आले नाहीत. ते 'माहितीपर' ठरले, आणि माहितीपर म्हणजे वाङ्मयबाह्य, हे आपण विद्यार्थ्यांच्या मनावर असे काही ठसवले की पुढे त्यांतलाच एखादा प्रवासाला निघाला, तरी लिहिताना आधी स्वतःची तयारी खोडून टाकतो.

चौकटीत काय असते ते एकदा सविस्तर पाहावे. एक पिकअप गाडी, तिच्यामागे जोडलेली छोटी ट्रॉली, चार माणसे आणि डांबरी रस्ता सोडून पाच दिवस. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी दिवसाला सहा लिटर पाणी धरले तर एकशेवीस लिटर होते. म्हणजे एकशेवीस किलो. वाट चुकली, गाडी अडली तर म्हणून त्याच्या निम्मे आणखी. हे वजन ट्रॉलीत मागे ठेवले तर ट्रॉली वेगात डोलू लागते आणि गाडीला घेऊन उलटू पाहते. फार पुढे ठेवले तर गाडीचे मागचे चाक वाळूत बसते. वाळूत शिरताना टायरांतली हवा उतरवावी लागते, म्हणजे चाक पसरते आणि तरंगते. पुन्हा कठीण रस्त्याला लागताना ती भरावी लागते, म्हणून पंप हवा. ट्रॉलीची चाके गाडीच्या चाकोरीतूनच चालली पाहिजेत, नाहीतर ती स्वतःसाठी नवी चाकोरी खणते आणि गाडीचा सारा जोर त्यातच जिरतो. पाणी वाढवले की इंधन जास्त जळते, इंधन वाढवले की ओझे वाढते, ओझे वाढले की चाक रुतते. शेवटी काहीतरी खाली ठेवावेच लागते.

आणि खरा प्रश्न पुढेच आहे. पाणी संपले तर कोणाच्या दारात जायचे? थरच्या वाळवंटात घरोघर टांके असतात. पावसाचे पाणी गोळा करून ते कुटुंब त्यावर महिनोन्महिने काढते. आपल्या दहा लिटरांच्या कॅनमध्ये जे पडेल ते त्या घराच्या हिशेबातून वजा होणार असते. हा हिशेब प्रवासाआधी करणारा माणूस आणि न करणारा माणूस यांना दिसणारे वाळवंट एकच असेल का? पहिल्याला टांका दिसतो, टांक्याचे झाकण दिसते, झाकणाला लावलेले कुलूप दिसते. दुसऱ्याला 'अथांग शांतता' दिसते.

बाहेरच्या वाङ्मयाने हे फार पूर्वी ओळखले होते. राल्फ बॅग्नोल्ड नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९२० आणि १९३० च्या दशकांत फोर्डच्या साध्या गाड्या घेऊन लिबियाचे वाळवंट पालथे घातले आणि १९३५ साली 'लिबियन सँड्स' हे पुस्तक लिहिले. उकळणाऱ्या रेडिएटरची वाफ वाया जाऊ नये म्हणून ती डब्यात थंड करून परत फिरवायची, रुतलेल्या चाकाखाली पोलादी पन्हळी सरकवायच्या, लोखंडी गाडीत चुंबकाचे होकायंत्र फसवते म्हणून सूर्याच्या सावलीवर चालणारे यंत्र बनवायचे, ही त्या प्रवासांची तयारी. पुस्तकात ती कोपऱ्यात ढकललेली नाही. पुस्तक तिच्यावरच उभे आहे. वाळूचा इतका बारकाईने विचार करावा लागला म्हणूनच त्याच माणसाने १९४१ साली वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकशास्त्रावर ग्रंथ लिहिला, आणि तो त्या विषयातला पायाभूत ग्रंथ ठरला. विल्फ्रेड थेसिजर हा बॅग्नोल्डच्या अगदी उलट वृत्तीचा, मोटारीचा तिटकारा असलेला. पण त्याच्या 'अरेबियन सँड्स'मध्येही (१९५९) कातडी पखालींतले पाणी आणि माणशी वाट्याला येणारे पीठ यांची चिंता पानोपानी आहे, आणि म्हणूनच त्याचे बदू सोबती वाचकाला खरे वाटतात.

मराठीला हे परके होते असेही नाही. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' घ्या. १९०७ साली छापून आलेल्या या पुस्तकातला माणूस वरसईहून उत्तरेकडे निघाला तो घरचे कर्ज फेडण्यासाठी. निसर्गाची ओढ त्याला नव्हती. पैसा कुठे लपवायचा, सोबत कोणाची धरायची, कोणत्या घाटाने उतरायचे या विवंचनांतूनच १८५७ चा प्रलय आपल्यापुढे उभा राहतो. त्याला कोणी लालित्याचे गुण देत नाही, तरी दीडशे वर्षांत मराठीत त्याच्या तोडीचे प्रवासवर्णन किती झाले, हे आपण मनाशी मोजावे. गो. नी. दांडेकर तर आपल्याच परतवाड्यात, १९१६ साली जन्मलेले. 'कुणा एकाची भ्रमणगाथा' शिकवताना आपण भक्ती आणि निसर्ग यांवर तासन्‌तास बोलतो. परिक्रमावासी काय खातो, कोणाच्या ओसरीवर निजतो आणि नर्मदाकाठची गरीब घरे हा भार कशी वाहतात, याकडे वळायला वेळ उरत नाही. कादंबरीपुढे मात्र आपली दृष्टी वेगळी असते. उद्धव शेळके यांच्या 'धग'मधली (१९६०) कौतिक पै-पैची, भाकरी-भाकरीची मोजदाद करते तेव्हा त्या मोजदादीत आपल्याला शोकात्मिका दिसते. घरात बसून केलेला हिशेब वाङ्मय, आणि वाटेवर केलेला हिशेब चौकट, हा कुठला न्याय?

या दृष्टीमुळे वऱ्हाडाचे काय नुकसान झाले, ते सांगितल्याशिवाय हा मुद्दा पुरा होत नाही. आगगाडी येण्यापूर्वी अमरावतीचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून गंगेकाठी मिर्झापूरला जात असे आणि तेथून नावांनी कलकत्त्याला. वाट पाचशे मैलांहून अधिक, आणि रस्ता म्हणावा असा रस्ता नाही. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने या मार्गाने एक लाख बैल-ओझी कापूस पाठवल्याची नोंद इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये आहे. एक लाख ओझी! त्या जनावरांचा चारा, मुक्कामाची पाणवठ्याची जागा, पावसाआधी पोहोचण्याचा हिशेब, वाटेतले जकातनाके, ओल्या कापसाचे वाढलेले वजन : एवढी मोठी मोहीम आखणारी माणसे वऱ्हाडात होती, हाकणारे लमाण तांडे होते; आणि तिच्यावर आपल्या अभ्यासक्रमात एक ओळ नाही. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, तांड्यांचा तो धंदा बसला, आणि जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले होते ते उतरवून घ्यावे असे कोणा लेखनिकाला वाटले नाही. ते 'माहितीपर' होते ना!

आणि वाळवंट पाहायला आपण जैसलमेरला का जातो? पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. विहीर खणावी तर खारट पाणी. पाण्यावर उभे राहून तहानलेली गावे. जमीन काळी, चिकण. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या दोन सरींनंतर ती बैलाचा खूर आणि ट्रॅक्टरचे चाक सारखेच धरून ठेवते. जून २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातील लोणीपासून अकोला जिल्ह्यातील मान्यापर्यंतच्या महामार्गावर सलग पंचाहत्तर किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पुरे झाले आणि त्याचा गिनीज विक्रम नोंदला गेला. त्याच महामार्गावरून उतरून पांदणीला लागावे. पावसाळ्यात पांदणीने खताची गोणी शेतात नेणे ही रस्ता सोडून केलेली मोहीमच असते. बंडी किती भरायची, कोणत्या ओढ्याशी ती रिकामी करायची, कोणाची दुसरी जोडी मागून आणायची, हे शेतकऱ्याला आदल्या रात्री ठरवावे लागते. त्याला कोणी साहस म्हणत नाही. साहस म्हणजे जे हौसेने केले जाते ते, अशी आपली समजूत आहे. ही समजूत वर्गाची आहे, वाङ्मयाची नव्हे, आणि तरीही ती आपण वाङ्मयाच्या नावाखाली शिकवतो.

आता जानेवारी २०२२ मधली गोष्ट. कच्छकडून पायी निघालेला अठ्ठावन्न उंटांचा काफिला अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या हद्दीत अडवला गेला. उंट कत्तलीसाठी हैदराबादेकडे चालवले आहेत अशी तक्रार होती. उंट जप्त होऊन अमरावतीच्या गोरक्षण संस्थेत गेले, हाकणारे रबारी अटकेत. त्यांचे म्हणणे असे की, विदर्भात वर्षानुवर्षे राहणाऱ्या आपल्याच भाऊबंदांना हे उंट पोहोचवायचे आहेत. पुढे प्रकरण न्यायालयात चालले आणि उंट मालकांना परत मिळाले. पण मधल्या आठवड्यांत काही जनावरे दगावली.

या प्रकरणातला कायद्याचा भाग कायदेपंडितांवर सोपवू. आपल्याला, भाषेच्या लोकांना, विचारायचा प्रश्न निराळा आहे. रबाऱ्यांच्या डांगा वऱ्हाडात गेली कित्येक दशके हिंडत आहेत. आपण त्यांना सरसकट 'काठेवाडी' म्हणून मोकळे होतो. कापूस निघालेल्या शेतात त्यांची मेंढरे बसतात, शेताला लेंडीखत मिळते, त्यांना धान्य किंवा पैसे. मुक्काम हलला की खाटा, गोधड्या, भांडी, चालू न शकणारी करडे-कोकरे आणि प्रसंगी लहान मुलेही उंटावर चढतात. आपल्या हौशी प्रवाशाची जी पिकअप आणि ट्रॉली, तीच त्यांचा उंट. फरक एवढाच की त्यांचा प्रवास पाच दिवसांत संपत नाही. आपण पश्चिमेला वाळवंट बघायला जातो, तेव्हा वाळवंटाची माणसे पूर्वेला आपल्या बांधावर उतरलेली असतात. आणि हजार किलोमीटरांहून अधिक चालून आलेला काफिला समोर उभा राहिला, तेव्हा हा काय प्रकार आहे, एवढ्या उंटांचे इथे काय काम, हे सांगू शकेल असा एकही मराठी मजकूर आपल्या हाताशी नव्हता. कथा नाही, प्रवासवर्णन नाही, साधा वृत्तान्त नाही. जे वाचायची सवय नसते त्याचा माणूस भलताच अर्थ लावतो. त्या निरक्षरतेत आपला, म्हणजे मराठी विभागांचा, वाटा आहे असे मला वाटते. तक्रार करणाऱ्याच्या हेतूविषयी मला काही म्हणायचे नाही.

यावर आक्षेप येईल की, सामानाची यादी म्हणजे साहित्य नव्हे. कबूल, किराण्याची यादी साहित्य नव्हे. पण जिच्यात काहीतरी गाळावे लागले आणि का गाळले ते सांगावे लागले, ती यादी नुसती यादी राहत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : भटक्यांचे जिणे रम्य करून दाखवणे हाही मध्यमवर्गीय लेखकाचा जुनाच छंद नाही का? आहे. रबारी हे काही उंटांवरचे ऋषी नव्हेत. त्यांच्या हातात मोबाइल आहे, शेतकऱ्याशी दरावरून त्यांची घासाघीस होते, उभ्या पिकात मेंढरे शिरली की भांडणेही होतात. म्हणूनच त्यांच्याविषयी 'अनिकेत', 'मुक्त', 'वाऱ्यासारखे' असली विशेषणे नकोत, हिशेब हवा. विशेषणाने रम्यता येते, हिशेबाने ती उतरते.

सुरुवात करणे अवघड नाही. कपाशी निघाल्यावर वऱ्हाडात एखाद्या पांदणीच्या तोंडाशी डांग उतरलेली सापडते. पदव्युत्तर वर्गाच्या मुलांनी प्रकल्पासाठी आणखी एका कवीची निसर्गप्रतिमा मोजण्याऐवजी तिथे जावे, बसायला सांगितले तर बसावे, आणि डेरा सांभाळणाऱ्या बाईला विचारावे की, मावशी, उंटावर आधी काय चढवता, शेवटी काय चढवता, आणि ओझे जड झाले तर पहिल्यांदा काय उतरवता. उत्तर गुजराती वळणाच्या मोडक्या मराठीत येईल. ते प्रमाण भाषेत न फिरवता, जसेच्या तसे उतरवून घ्यावे.