झुकिनीचं एक झाड पुरे

तर मंडळी, आज गोष्ट झुकिनीची. हैदराबादेत राहायला येऊन मला बारा वर्षं झाली. एवढ्या काळात गच्चीवर जे जे लावलं त्यातलं निम्मं तरी मेलं. कढीपत्ता मेला, मोगरा दोनदा मेला. म्हणून गेल्या ऑक्टोबरात झुकिनीच्या पाच बिया पेरल्या, एखादी तरी जगेल या हिशेबाने. पाचही रुजल्या! चार उपटाव्यात असा विचार होता, पण आई मध्ये पडली. "रुजून आयिल्लें झाड कोण मारता रे?" झालं. पाचही वाढली.

डिसेंबरात रोज फळं. घरात माणसं चार. भाजी झाली, कोशिंबीर झाली, थालीपिठं झाली, मुलाच्या आवडीचा पास्ताही झाला. मग मुलगाच म्हणाला, बाबा, आता पुरे. त्यातच पाच दिवस जत्रेला गावी जाऊन आलो. येऊन बघतो तर एकेक झुकिनी हाताच्या कोपराएवढी, आत नुसत्या बिया. शेजाऱ्यांना वाटायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात "अरे वा!", दुसऱ्यात "अजून कालचीच आहे हो", आणि तिसऱ्यात एका घरी बेल वाजवली तर आतला टीव्ही बंद झाला, पण दार काही उघडलं नाही.

हे दुःख फक्त माझं नाही. अमेरिकेत 8 ऑगस्ट हा शेजाऱ्याच्या ओसरीवर गुपचूप झुकिनी ठेवून पळण्याचा दिवस म्हणून थट्टेने साजरा करतात. म्हणजे तिकडेही दारं बंदच होत असणार.

आता अनुभवाने सांगतो. चार माणसांच्या घराला एक झाड पुरे, फार तर दोन. दुसरं लावायचंच तर पहिल्याबरोबर नको, महिना-दीड महिन्याने लावा. हैदराबादेत ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा हिला मानवणारा काळ, उन्हाळ्याच्या चाळीस अंशांत ती तग धरत नाही. झुकिनी वेलासारखी चढत नाही, झुडपासारखी पसरते, म्हणून एका मोठ्या पिशवीत एकच झाड. फळ वीतभर झालं की काढायचं. जितकी काढाल तितकी ती पुन्हा देते. म्हणून फारच होऊ लागली तर एक फळ मुद्दाम मोठं होऊ द्यावं. झाडाला वाटतं आपलं काम झालं, आणि नवी फळं मंदावतात.

खरी चावी फुलांत आहे. नर आणि मादी फुलं एकाच झाडावर, पण वेगवेगळी. मादी फुलाच्या मागे इवलीशी झुकिनी असते, नराच्या मागे नुसता देठ. पाचव्या मजल्यावर मधमाश्या कमीच, त्यामुळे सकाळी फूल उमललं की मीच नराचा पराग मादीला लावतो. म्हणजे किती फळं धरायची ते आपल्याच हातात! नको असलेल्या फुलांची बेसनात बुडवून भजी. (दुधीचं उलट. त्याचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, त्याला रात्रीचे पतंग लागतात.)

एक सूचना मात्र गंभीरपणे. फळ कडू लागलं तर थुंकून टाका, शिजवू नका, आणि कुणाला देऊ तर मुळीच नका. काकडी-भोपळ्याच्या कुळातला हा कडूपणा विषारी असतो आणि शिजवून जात नाही. 2015 साली जर्मनीत बागेतली कडू झुकिनी खाल्ल्यानंतर एक वृद्ध गृहस्थ दगावले होते. घरी धरलेलं बी बऱ्याचदा संकराचं निघतं, म्हणून दरवेळी विकतचं बी घ्या.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. आमच्या गावी परसातलं जास्तीचं कधी वाया गेलं नाही, कारण त्याला जायला वाट होती. वईवरून पलीकडे जायचं. चवथीला माटोळीला तवशी, दोडकी, भोपळा लागायचा, आणि ज्याच्याकडे असेल तो देत असे. तळावलीच्या सांत आनाच्या फेस्ताला तर लोक तवशीच अर्पण करतात. तिथे पीक जास्त झालं म्हणून कुणी डोक्याला हात लावत नसे. इथे आमच्या इमारतीत वई नाही, आणि मी वाटत होतो ते फळ कुणाच्या माटोळीत बसणारं नव्हतं. ते कसं शिजवायचं हेच निम्म्या घरांना ठाऊक नव्हतं. लोक काही माणूसघाणे नाहीत, चूक माझीच. घेणाऱ्याला अडचणीत टाकणारं दिलं, तर ते देणं कसलं?

हे कळलं ते आईमुळे. पावसाळ्यात तिने गच्चीच्या कठड्याजवळ दुधीचा वेल चढवला, मला न विचारता. तेलंगणात त्याला सोरकाया म्हणतात, आणि हैदराबादी उर्दूत कद्दू! आपण कद्दू म्हणजे लाल भोपळा समजतो, त्यामुळे पहिल्या दिवशी मोठा गोंधळ झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या खाला म्हणाल्या, "अम्मा, कद्दू है तो दे दो, दालचा बनाती", आणि आई पिवळा भोपळा शोधत बसली. मग दुधी खाली गेला. दोन दिवसांनी डबा वर आला तो कद्दू की खीर भरून. आईच्या मते दुसऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवू नये, हे बहुधा खालांच्या मतेही असावं. तेव्हापासून तो डबा जिन्यात वर-खाली फिरतोय. आईला उर्दू येत नाही, खालांना कोंकणी येत नाही, पण दुपारी दोघी जिन्यात तासभर बोलत असतात. काय बोलतात, देव जाणे. बाबा गेल्यापासून ती एवढं कुणाशी बोलली नव्हती.

म्हणून माझी वाटणी अशी: झुकिनी घरापुरती, एकच झाड. वाटायला दुधी.

यंदा एकच बी पेरलं आहे. पाकिटात चार शिल्लक असायला हवीत, काल मोजली तर तीनच भरली. आईला अजून विचारलेलं नाही.