आकडा चुकतो, दोष मात्र स्वयंपाकघराला!

दंडावर नाण्याएवढी पांढरी चकती चिकटवलेली माणसं आता लग्नकार्यात, बसमध्ये, सकाळी फिरायला जाणाऱ्यांत दिसू लागली आहेत. सतत साखर मोजणारं हे यंत्र. डॉक्टर त्याला सीजीएम म्हणतात, घरात सगळे नुसतं ‘सेन्सर’ म्हणतात. दहा-पंधरा दिवस ते अंगावर राहतं, दर काही मिनिटांनी साखर मोजतं आणि आकडा मोबाइलवर दाखवतं. सारखं बोट टोचायला नको, लॅबच्या रांगेत उभं राहायला नको. ज्यांना रोज तीन-चार वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं त्यांची, आणि मधुमेही मुलांच्या आयांची, यामुळे केवढी तरी सोय झाली आहे.

पण नोव्हेंबर २०२५ मध्ये अॅबट या कंपनीने एक इशारा जाहीर केला. त्यांच्या फ्रीस्टाइल लिब्रे ३ आणि लिब्रे ३ प्लस या सेन्सरपैकी काही सेन्सर खऱ्यापेक्षा कमी साखर दाखवत असण्याची शक्यता होती. एकट्या अमेरिकेत अशा सेन्सरची संख्या सुमारे ३० लाख. जगभरातून ७३६ गंभीर घटना आणि ७ मृत्यू कंपनीला कळवले गेले होते आणि त्यांचा या दोषाशी संबंध असू शकतो, असं कंपनीनेच सांगितलं. हे मृत्यू अमेरिकेबाहेरचे होते.

नुसता आकडा कमी दिसल्याने जीव कसा जाईल, असं कुणालाही वाटेल. पण जरा विचार करा. साखर कमी दिसली की माणूस गोड खातो, इन्सुलिनचा डोस टाळतो. प्रत्यक्षात साखर आधीच चढलेली असेल तर ती आणखी चढते. हे तासन् तास किंवा दिवसेंदिवस चाललं, तर अंगावर बेतायला कितीसा वेळ लागणार?

ही झाली कारखान्यातल्या दोषाची गोष्ट. घरोघरी आकडे चुकतात ते बहुतेक वेळा अगदी साध्या कारणांनी. मात्र ती कारणं कुणी समजावून सांगितलेली नसतात आणि मग त्याचा ताप होतो घरातल्या बाईला.

आमच्या मंडळाच्या कामामुळे मधुमेहींच्या घरी जाणं-येणं असतं. अशाच एका घरी सत्तरीच्या सासूबाई इन्सुलिनवर. सेन्सर लावल्यापासून रोज रात्री दोन-अडीचला मोबाइल ओरडायचा. साखर ५८! सून धडपडत उठून साखरपाणी द्यायची. सकाळी आकडा अडीचशेच्या पुढे. मग ऑफिसला निघता निघता नवऱ्याचा प्रश्न, “काल रात्री आईला काय वाढलं होतंस?” आठवडाभर हेच. बिचारीने भात बंद केला, बटाटा बंद केला, तरी रात्रीचा भोंगा काही थांबेना. शेवटी दवाखान्यातल्या मधुमेह मार्गदर्शक बाईंनी विचारलं, “आजी, तुम्ही कुठल्या कुशीवर झोपता?” सेन्सर डाव्या दंडावर आणि झोप डाव्या कुशीवर! त्या रात्री भोंगा वाजल्यावर सुनेने आधी बोट टोचून पाहिलं. ग्लुकोमीटरवर साखर निघाली १३२.

यामागचं शास्त्र समजायला अवघड नाही. सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही. कातडीखाली पेशींच्या मधे जो द्रव असतो, त्यातली साखर तो मोजतो. झोपेत त्या जागेवर भार पडला की तिथला पुरवठा मंदावतो आणि आकडा खोटाच खाली येतो. कूस बदलली की थोड्या वेळात तो पुन्हा वर जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे उशीर. साखर आधी रक्तात येते, मग त्या द्रवात. त्यामुळे सेन्सर साधारण पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. एरवी फरक पडत नाही. पण जेवल्यावर, भरभर चालून आल्यावर किंवा इन्सुलिन घेतल्यावर साखर झपाट्याने हलत असते, तेव्हा सेन्सर आणि ग्लुकोमीटर जुळणार नाहीत. खरी गडबड होते ती साखर कमी झाल्यावर. आपण साखरपाणी देतो, दहा मिनिटांनी मोबाइल बघतो, आकडा अजून खालीच. म्हणून आणखी एक पेला देतो. तोवर रक्तात साखर कधीच चढलेली असते. अशा वेळी पंधरा मिनिटं थांबावं आणि बोट टोचूनच पुन्हा तपासावं.

तिसरं, पहिला दिवस. सुई आत गेल्यावर तिथली कातडी थोडी दुखावते, तिला स्थिरावायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या चोवीस तासांतल्या आकड्यांवर फार विसंबू नये. चौथं, चिकटपणा. आपल्याकडे अंगाला तेल लावायची सवय, त्यात उन्हाळ्याचा घाम. तेलकट किंवा ओल्या कातडीवर सेन्सर नीट धरत नाही, कडेने सुटतो आणि मग आकडे भरकटतात. लावण्याआधी जागा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी. आणि पाचवं, औषधं. काही सेन्सरच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की, दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ‘क’ जीवनसत्त्व घेतलं तर आकडा खोटा वाढू शकतो. काही सेन्सरना पॅरासिटॅमॉलचाही त्रास होतो. सर्दी झाली म्हणून आपण सहज गोळ्या घेतो, तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं.

मग विश्वास ठेवायचा तरी कशावर? माझं म्हणणं एवढंच, की सेन्सर आणला म्हणून जुना ग्लुकोमीटर माळ्यावर टाकू नका. अंगात लक्षणं एक आणि आकडा दुसराच, असं झालं की बोट टोचून खात्री करा. त्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटाची साखर तपासली तर ती आंब्याचीच निघेल! पट्ट्यांची मुदत संपलेली नाही ना, तेही पाहा. तुलना करायची ती साखर स्थिर असताना, म्हणजे जेवणाआधी. सेन्सर १४० आणि ग्लुकोमीटर १५५ म्हणाला, तर ती चूक नव्हे. ग्लुकोमीटरलासुद्धा थोडी सूट असतेच. साधारणपणे शंभरच्या वर वीस टक्के आणि शंभरच्या खाली वीस अंकांपर्यंतचा फरक चालवून घेता येतो. त्याहून मोठा फरक वारंवार पडला तर सेन्सर बदलावा आणि डॉक्टरांना कळवावं. डोस मात्र आपल्या मनाने बदलू नये.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगते. माणसाला दरदरून घाम फुटलाय, हातपाय थरथरताहेत, बोलणं असंबद्ध झालंय आणि ग्लुकोमीटर हाताशी नाही, अशा वेळी तपासणीसाठी थांबायचं नाही. तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठायचा.

भोंग्यावरही डोळे झाकून विसंबू नये. मोबाइलमधली एखादी सेटिंग बदलली, नवा हेडफोन जोडला की भोंगा ऐकूच येत नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला होता. त्याच प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एक सांगितलं होतं : सुई न टोचता साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विश्वास ठेवू नका. स्वस्तात मिळतंय म्हणून असलं काही सासऱ्यांच्या मनगटाला बांधू नका.

आता थोडं आपल्या देशाबद्दल. आयसीएमआरच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. सेन्सरचा खप वाढतच जाणार. विकताना दुकानदार तो लावून देतो, अॅप सुरू करून देतो. पण आकडा चुकला तर काय करायचं, हे साध्या मराठीत सांगायला नको का? अशा उपकरणांच्या तक्रारींसाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स नावाची सरकारी योजना आहे. किती घरांना ती ठाऊक असेल? तक्रार करायची तर सेन्सरचा लॉट नंबर लागतो, आणि खोकं तर आपण पहिल्याच दिवशी कचऱ्यात टाकतो. कंपनीने सदोष सेन्सर परत मागवले, तर आपला त्यात आहे की नाही हे कळायलाही तोच नंबर हवा. तेव्हा सेन्सर चालू आहे तोवर खोकं जपून ठेवा, निदान त्याचा फोटो काढून ठेवा.

आणि शेवटी घरातल्या मंडळींसाठी दोन शब्द. या सेन्सरचा आकडा हल्ली दूरच्या मोबाइलवरही दिसतो. आई साताऱ्यात, मुलगा न्यू जर्सीत. त्याला तिची काळजी वाटते, हे खरंच. पण आकडा चढला की “आत्ता काय खाल्लंस?” आणि सुनेला “तू काय दिलंस?” असे फोन सुरू होतात. सत्तर वर्षांच्या बाईला एका शेंगदाण्याच्या लाडवाचा हिशेब द्यावा लागतो! फोन जरूर करा, पण पहिला प्रश्न “बरं वाटतंय ना?” असा असू द्या, आणि दुसरा “बोट टोचून पाहिलंस का?” असा. काय खाल्लं याची चौकशी त्यानंतर, तीही गरज वाटली तरच करा.