हिंगोलीत 'ओरिजिनल' आलंच कधी होतं?

"एम्युलेटरवर खेळणं हे खरं खेळणंच नाही. जुना कन्सोल, जुनी कॅसेट आणि डबा टीव्ही असेल तरच बोला." हे वाक्य आम्हा आयटीवाल्यांत हल्ली फार ऐकू येतं. पगार जरा बरा झाला की लोक जपानहून जुना फॅमिकॉम मागवतात, शोकेसमध्ये मांडतात आणि लॅपटॉपवर मारियो खेळणाऱ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. मंडळी, हौस करा, माझी ना नाही. पण हौसेचा धर्म करू नका. आणि निदान हिंगोलीकरांना तरी त्याची दीक्षा देऊ नका.

कारण साधं आहे. निंटेंडोचा फॅमिकॉम जपानात १५ जुलै १९८३ ला आला आणि २००३ मध्ये त्याचं उत्पादन बंद झालं. कळमनुरी, वसमत, सेनगावच्या घरांत आम्ही लहानपणी जो 'व्हिडिओ गेम' पाहिला तो फॅमिकॉम नव्हताच, ती त्याची स्वस्त नक्कल होती. आत निंटेंडोच्या वेगवेगळ्या चिप नाहीत, सगळं एकाच चिपमध्ये कोंबलेलं आणि वर काळ्या रेझिनचा गोळा. कॅसेटवर लिहिलेलं '९९९९ इन १', आत मोजकेच गेम, बाकी सगळे तेच पुन्हा, नाव बदलून. म्हणजे आमची मशीन नक्कल, कॅसेट नक्कल, आणि वर लोडशेडिंग खरं :)

आता गंमत बघा. जपानी फॅमिकॉम सेकंदाला साधारण ६० वेळा चित्र काढतो. आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, म्हणजे ५० वेळा. या गेम्सची चाल चित्रांच्या हिशेबाने ठरते. त्यामुळे पालसाठी बनवलेल्या क्लोनवर मारियो साधारण एक षष्ठांश हळू धावायचा. ज्याने लहानपणी असा मारियो खेळला, त्याला लाखमोलाचं जपानी मशीन आणून दिलं तरी त्याचं बालपण परत मिळणार नाही, उलट मारियो अंगावर धावून आल्यासारखा वाटेल! मेसेन नावाच्या फुकट एम्युलेटरमध्ये मात्र 'डेंडी' असा पर्याय आहे. डेंडी म्हणजे १९९२ पासून रशियात विकला गेलेला असाच एक क्लोन. तो पर्याय निवडला की वेग बराचसा आपल्या ओळखीचा होतो. आता सांगा, आमच्यासाठी 'अस्सल' काय?

दुसऱ्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. बंदुकीने बदकं मारायचा 'डक हंट' आजच्या एलईडी टीव्हीवर जुन्या बंदुकीने चालत नाही, कारण ती बंदूक जुन्या पिक्चर ट्यूबच्या प्रकाशावर चालायची. एम्युलेटरवर कधीकधी बटण दाबल्यावर उडी किंचित उशिरा पडते, हेही खरं. पण रेट्रोआर्कमध्ये हा उशीर कमी करायची सोय २०१८ मध्येच आली. आणि हार्डवेअर काय अमर आहे? कॅपॅसिटर सुकतात, सेव्ह ठेवणारी बॅटरी मरते, पिक्चर ट्यूब मिळत नाही. काळ्या गोळ्याखालची चिप गेली की दुरुस्तीवाला हात जोडतो.

बरं, ज्या निंटेंडोच्या नावाने ही सोवळ्या-ओवळ्याची चर्चा चालते, तिने स्वतः काय केलं? २०१६ मध्ये ३० जुने गेम घालून 'एनईएस क्लासिक' नावाचा छोटा डबा विकला. आत काय? लिनक्स आणि एम्युलेटर. कंपनीने विकला की वारसा आणि आम्ही चालवला की भेसळ?

कायद्याचं म्हणाल, तर सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात अमेरिकन न्यायालयाने २००० मध्येच एम्युलेटर बनवण्यासाठी केलेलं रिव्हर्स इंजिनिअरिंग योग्य ठरवलं. गेमच्या फाइली वाटणं हा वेगळा प्रश्न, तिथे मालकी हक्क आहेतच. पण व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के बाजारात मिळतच नाहीत. विकायचं नाही आणि जपूही द्यायचं नाही, हा कुठला न्याय?

आपल्या जिल्ह्यात नरसी आहे, संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. ती इतकी शतकं टिकली ती लोकांनी गायली, पाठ केली, उतरवून घेतली म्हणून. नक्कल ही जपण्याची सगळ्यात जुनी रीत आहे.

माझा खरा राग वेगळाच आहे. जपानी फॅमिकॉम जपायला जगभर लोक आहेत. आपले क्लोन, आपल्या '९९९९ इन १' कॅसेटी, त्यांतले कोणीतरी मोडतोड केलेले गेम, हे कोण जपणार? ते भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने चाललेत. आख्खा सुपर मारियो ४० किलोबाइटचा, व्हॉट्सॅपवरचा एक फोटो त्याहून मोठा असतो. कॅसेट वाचून तिची फाइल करून ठेवणारं यंत्र बाजारात मिळतं, आणि ते एका इंपोर्टेड कन्सोलपेक्षा महाग नाही.

तेव्हा दिवाळीला गावी जाल तेव्हा माळा बघा. डबा सापडला तर भंगारात देऊ नका. कॅसेट वाचून ठेवा, तिचा आणि खोक्याचा फोटो काढा, गाव आणि साल लिहून ठेवा. मग खुशाल एम्युलेटरवर खेळा, ताठ मानेने. आणि कोणी 'ओरिजिनल'वर प्रवचन सुरू केलंच, तर एवढंच विचारा: ओरिजिनल, पण कोणाचं?